हळदीतली वाकडी लेन्स

मी लग्नांचे फोटो काढतो. धंद्यात काहीतरी वेगळं दाखवावं म्हणून वाकणारी लेन्स घेतली आणि डोक्याला ताप करून घेतला. रबरी नळीसारखी असते ती. दोन्ही हातांनी दाबायची, वाकवायची. मग फोटोत एक वाटीएवढी जागा स्वच्छ येते आणि बाकीचं जग विरघळतं. माझ्या हातात ती वाटीही विरघळायची.

काल्हेर नाक्यावर ट्रकांवर हात बसवून पाहिला. एका ट्रकची फक्त लिंबू-मिरची स्पष्ट आली. शेजारच्या पॉवरलूमवाल्या चाचांना त्यांचाच फोटो दाखवला, तर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि काळजीने विचारलं, "बेटा, कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय काय?"

तरीही राहनाळला चुलतभावाच्या हळदीला मी तीच एक लेन्स घेऊन गेलो. विहिरीत पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे माझं तत्त्वज्ञान.

माझे वडील आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. गोडाऊनचं शटर कोणाच्या अंगणाकडे उघडायचं, यावरून बिनसलं होतं. शटर शेवटी रस्त्याकडे उघडलं, अबोला मात्र तसाच राहिला. कार्यात दोघे यायचे, मान घ्यायचे आणि फोटोत दोन टोकांना उभे राहायचे. आत्याला आपल्या या दोन भावांचा एक फोटो हवा होता, मध्ये वऱ्हाड नसलेला. आल्या आल्या तिने माझा हात धरून तेवढंच मागितलं.

नेहमीप्रमाणे नवरदेव मध्ये आणि हे दोघे टोकांना. मी नळी दाबली. फोटोत नवरदेवाचं नाक लखलखीत आलं, वडील आणि काका मात्र दोन पिवळे डाग. मानाच्या माणसाला तोंडच नाही म्हणून वडील भडकले. डाग व्हायला आपण नवा सदरा शिवला नाही, असं काकांनी मांडवाला सुनावलं. स्वच्छ जागा एकच आहे आणि ती हलवायला मला अजून येत नाही, हे मी कबूल करून टाकलं. तशी दोघांनी एकदमच मध्यावर धाव घेतली. नवरदेव स्वतःच्या हळदीच्या फोटोतून बाहेर ढकलला गेला.

ही संधी आत्याने सोडली नाही. दोघांच्या माना धरून तिने त्यांचा गालाला गाल लावला.

माझी बोटं हळदीने माखलेली, नळी सारखी निसटत होती. हलू नका, म्हणालो. दोघांनी श्वास रोखले. वडील ओठ न हलवता म्हणाले, "दाढी टोचतेय."

"मंग काढ तुजा गाल," काका म्हणाले.

गाल कोणीच काढला नाही. काढला असता तर जागा दुसऱ्याला मिळाली असती.

मी बटण दाबलं, आणि आला. दोन गाल, दाढीचा केस न् केस, घराण्याचं तेच बसकं नाक दोनदा. त्या लेन्सवरचा माझा पहिला धड फोटो. मी आनंदाने आत्याकडे धावलो. ती कॅमेऱ्यात बघत राहिली. पदराने डोळे पुसले, पुन्हा बघितलं.

मग भावांकडे वळून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "न्हाय आला. सगला धूसर हाय. हलू नका तुमी, तो परत काढतोय."