पेट्रोलने पुसलेली मूठ

पोरांनो, तुमची आत्या रांजणगावच्या कंपनीत स्टोअर सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी दहा मीटरवरच्या कागदावर छर्रे मारते. एअर पिस्तूल तिने स्वतःच्या पगारातून घेतलं आहे. घरातले पुरुष हे विसरतात, म्हणून मी आधीच सांगून ठेवते. दौंडला नेमबाजीची निवड चाचणी होती. रजा आणि संधी दोन्ही एकदम मिळायला तिला तीन वर्षं लागली होती.

चाचणीला नऊ दिवस उरले असताना खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे अवजारं पुजतात. कोयते, खुरपी, ट्रॅक्टर, यंदा आत्याचं पिस्तूल, माझं शिवणयंत्रसुद्धा हळदकुंकू लावून घेतं. पूजेआधी सगळं लख्ख करायचा मान आत्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा. त्यांची पद्धत ठरलेली आहे: पेट्रोलच्या बोळ्याने पुसायचं आणि दिसेल तो स्क्रू आवळायचा. सोसायटीचे चेअरमन असतानाही ते असेच कारभार करायचे.

दसऱ्याला आत्या सरावाला गच्चीवर गेली आणि लगेच खाली आली.

"काकू, मूठ हातात हलतेय. दोन्ही बाजूंचं प्लास्टिक तडकलंय."

"चायनाचा माल!" भाऊजींनी जागेवरूनच निकाल दिला. "आन् नजर बी लागली आसंल. आण इकडं, चिकटवतो."

त्यांनी चिकटवलं. गोंद वाळला, आणि मजबुती यावी म्हणून त्यांनी स्क्रू आणखी दोन आटे पिळला. कट् असा आवाज झाला. दोनाच्या चार चिरा झाल्या.

मी भिंग घेऊन बसले. मोठी चीर दोन्ही बाजूंना स्क्रूच्या भोकापासूनच निघाली होती. नजर लागली असती तर ती इतकी शिस्तीत लागली नसती. शिवाय सगळ्या प्लास्टिकवर जुन्या कपाच्या रोगणासारखं बारीक रेघांचं जाळं होतं, आणि पिस्तुलाला अजून पेट्रोलचा वास येत होता.

पिस्तुलाच्या पेटीबरोबर एक माहितीपुस्तिका आली होती, ती मी शोधून आणली. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: प्लास्टिकला पेट्रोल किंवा थिनर लावू नये, मुठीचा स्क्रू जोराने आवळू नये. मी ते मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं.

"इंग्रजीत व्हतं व्हय? मग मला कसं कळणार?"

"तुम्ही मराठी तरी कधी वाचता, भाऊजी?"

"वैनी, पर ते पुस्तक व्हतं कुठं?"

या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. पुस्तिका माझ्या कपाटात होती, गॅरंटीच्या फाइलमध्ये, अनुक्रमणिकेसह. वर्षभर ती मी इतकी नीट ठेवली होती की कोणाच्याही हाती लागली नाही, माझ्याही.

दुकानदाराने फोनवर सांगितलं, नवी मूठ मागवली तर यायला पंधरा दिवस लागतील. आत्या रडली नाही. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "न्हावऱ्याचा सुतार खुरप्यांच्या मुठी करतो ना?"

मी घट्ट कणीक मळली. तिने ती पिस्तूल धरतात तशी मुठीत धरली. तो ठसा आणि तडकलेले तुकडे डब्यात घालून आत्या, भाऊजी आणि मी न्हावऱ्याला गेलो. सुताराने ठसा उलटसुलट पाहिला. दोन दिवसांनी मुठीच्या दोन्ही बाजू शिसवी लाकडात तयार झाल्या. भाऊजींनी सवयीने पेचकस उचलला, तो सुताराने हातातून काढून घेतला.

"आप्पा, मूठ हलायची थांबली की आपण बी थांबायचं. उरलेला जोर उसात दाखवा."

भाऊजी खोकले. त्यांना इतकं स्पष्ट बोलणारा माणूस चेअरमन असताना भेटायला हवा होता.

दौंडला तपासणीच्या टेबलावर पंचांनी लाकडी मुठीसकट पिस्तूल नियमाच्या मापाच्या खोक्यात बसतं का ते पाहिलं, दोनदा पाहिलं. शेवटी त्यांनी मंजुरीची चिठ्ठी लावली आणि पेटी पुढे सरकवली. पहिले काही छर्रे डावीकडे गेले. मग तिने श्वास सोडला, बोटं पुन्हा बसवली, आणि त्यानंतर मी कागदाकडे बघायचं सोडून तिच्या मनगटाकडे बघत राहिले. ते हलत नव्हतं. यादीत तिचं नाव शेवटून दुसरं लागलं. यादीत लागलं, एवढं पुरे.

बाहेर भाऊजी चहाच्या टपरीवर अनोळखी लोकांना समजावत होते, "प्लास्टिकवर खेळ होत न्हाई, पाव्हणं. म्हणून तर आम्ही लाकडाची बसवून घेतली."

एसटी लागली. त्यांनी उदारपणे हात पुढे केला. "आण बाळ, पेटी मी धरतो."

"आप्पा, तुम्ही पाण्याची बाटली धरा," आत्या म्हणाली आणि पेटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली.

त्यांनी ती बाटली घरापर्यंत धरली. झाकण मात्र त्यांनी इतकं आवळलं होतं की वाटेत कोणालाच पाणी पिता आलं नाही.