मास्तर तळं पार करणार होते

मोटार चालवायला शिकवणारे मास्तर दर वाढदिवसाला एक ध्येय जाहीर करत. जाहीर म्हणजे अगदी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून, चमच्याने पेला वाजवून. एका वर्षी ते सहा महिन्यांत व्हायोलिन शिकणार होते. ते व्हायोलिन अजून कपाटावर आडवं पडलंय. एका वर्षी रोज पहाटे धावणार होते. त्यासाठी घेतलेले बूट घालून मास्तरीणबाई हल्ली परसात माती खणतात. धंद्यातही हीच तऱ्हा. एका गाडीच्या दहा गाड्या करायच्या, गावभर शाखा काढायच्या. दारावर 'मुख्य शाखा' अशी पाटीसुद्धा लागली होती. दुसरी शाखा नव्हतीच, पण मुख्य होती.

पन्नाशी गाठली त्या दिवशी त्यांनी पेला वाजवला आणि म्हणाले, "यंदा गावाबाहेरचं मोठं तळं मी पोहून पार करणार!"

मास्तरांचा आणि पाण्याचा संबंध अंघोळीपुरता होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"भावोजी, पण तुम्हाला पोहता येतं?" मेहुणीने भाबड्या चेहऱ्याने विचारलं. हा चेहरा तिला फार छान जमायचा.

"येईल की! ध्येय मोठं असलं की बाकीचं आपोआप जमतं."

मेहुणीला एवढंच हवं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने पालिकेच्या तरण तलावावर जाऊन फी भरून टाकली आणि फोन केला, "सोमवारपासून जायचं हं. पैसे परत मिळत नाहीत, विचारून घेतलंय मी." मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

सोमवारी पोट आत ओढून ते तलावाच्या पायऱ्या उतरले, तर समोर शिट्टी गळ्यात अडकवलेली शिक्षिका उभी.

"ओळखलंत का मास्तर?"

ओळखलं. न ओळखून सांगतात कुणाला? गाडी शिकायला आली तेव्हा हिला त्यांनी पहिल्याच दिवशी भर बाजारातल्या चौकात नेलं होतं. इथे चालवता आली की जगात कुठेही येते, असं त्यांचं म्हणणं. गाडी चौकाच्या मधोमध बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न, आणि शेजारी मास्तर ओरडतायत, "क्लच! अगं, क्लच!" तिने शांतपणे दार उघडलं, उतरली आणि चालत घरी गेली. तेव्हापासून ती मास्तरांना पाण्यात पाहत होती. आता ते खरोखरच पाण्यात उभे होते.

"मग, काय ठरवलंय?" तिने विचारलं.

"तळं पार करायचं."

"छान. आज बुडबुडे काढायचे."

"म्हणजे?"

"तोंड पाण्यात घालायचं आणि फुंकायचं. बाकी काही नाही."

"आणि तळं?"

"ते कुठे पळून जातंय?"

मग पहिली-दुसरीतल्या पोरींच्या रांगेत, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मास्तरांनी बुडबुडे काढले. शेजारच्या चिमुरडीने त्यांना जरा जोरात फुंकायचा सल्लाही दिला. पुढच्या आठवड्यात कठडा धरून पाय मारायचे होते. मास्तर घाई करायला लागले, दम लागला, पाय खाली जायला लागले, तेव्हा काठावरून आवाज आला, "पाय! अहो, पाय!" सूर अगदी ओळखीचा. मास्तरांना हसू फुटलं आणि नाकातोंडात पाणी गेलं. खोकता खोकता त्यांना वाटलं, आपण शेजारी बसून ओरडतो ते समोरच्याला असं ऐकू येत असणार. बरं नाही वाटत.

त्याच सुमारास त्यांच्याकडे एक निवृत्त नर्स गाडी शिकायला आल्या. आयुष्यभर लोकांना सुया टोचलेल्या बाई, पण स्टिअरिंग समोर आलं की दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसायच्या. मास्तरांनी सवयीने चौकाकडे बोट केलं आणि ते तसंच मागे घेतलं.

"आज आरसे लावायचे, गाडी सुरू करायची आणि बंद करायची. झालं."

"एवढ्याचेही पैसे घेता?"

"घेतो. उद्या फाटकापर्यंत न्यायची. फाटकाबाहेर मुळीच नाही."

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. ही बातमीच होती, कारण चौकात नेलेली माणसं बहुधा परत येत नसत. फाटकानंतर गल्ली, गल्लीनंतर शाळेचा रस्ता, असं करत करत बाई परीक्षा पास झाल्या. गावात कुजबुज झाली की मास्तर ढिले पडले. पण शिकणाऱ्यांची संख्या वाढली, त्यामुळे मास्तरांनी ती कुजबुज मनावर घेतली नाही.

मग एका रविवारी, सगळ्यांसाठी तलाव खुला असतो तेव्हा, मास्तरांनी तलावाची रुंदी एका दमात पार केली. कठड्याला लोंबकळत, धापा टाकत ते सांगायला कुणी मिळतंय का ते बघू लागले. तेवढ्यात खोल भागात त्यांना एक जांभळी टोपी दिसली. ती संथपणे टोकापर्यंत जायची, वळायची आणि न थांबता परत यायची.

"कोण हो त्या?" मास्तरांनी शिक्षिकेला कौतुकाने विचारलं.

"कमाल आहे! तुमच्याच घरच्या की."

मेहुणीने फी दोघांची भरली होती. मास्तर सकाळी पहिली शिकवणी घ्यायला बाहेर पडले की मास्तरीणबाई बायकांच्या वर्गाला यायच्या. कठड्याशी येऊन त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अहो, तोंड मिटा. पाणी जाईल."

घरी जाताना मास्तरांनी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते मोठं करून ठेवलं असतं. मला एवढा तलाव पोहायचा होता, एवढाच. तो मला पुरतो."

मास्तर दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते टोकाला वळतेस कशी, ते दाखव जरा."

सध्या मास्तरीणबाईंच्या बोटांना निळा रंग लागलेला असतो आणि मंगळवारी त्यांना घरी यायला उशीर होतो. कसला रंग, कुठे जातात, मास्तरांना काही पत्ता नाही. विचारावंसं फार वाटतं. पण त्या आत आल्या की ते ओठांवर आलेला प्रश्न गिळतात आणि भाजी चिरत राहतात.