दुधरामभाऊचा खंदक

आमच्या करंजटोल्यात दुधरामभाऊला काम करताना पाहिलेला माणूस शोधायचा तर स्मशानात जाऊन विचारावं लागेल, आणि तिथूनही कोणी हो म्हणेल असं वाटत नाही. बसणं ही त्याची मूळ अवस्था. सकाळी पानठेल्याच्या बाकड्यावर, दुपारी हनुमानाच्या ओट्यावर, उन्हं उतरली की तलावाच्या पाळीवर. एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर जाताना जे चालणं व्हायचं, तेवढीच काय ती शरीराला तोशीस.

बसल्या बसल्या सांगायची गोष्टही एकच. "हा तलाव कोनी बांधला? आमच्या पंज्यानं."

यात खोटं काही नाही. अर्जुनी मोरगावच्या आसपास कोणत्याही गावी जा, तलाव बांधण्यात नावाजलेल्या जुन्या कोहळी समाजाने घातलेली मातीची पाळ दिसतेच. दगड न फोडता, कागदावर रेघ न ओढता, नुसती जमीन पाहून पाणी कुठे वळेल हे सांगणारी ती माणसं. पण पणज्याने पाळ घातली ती पणतूने आयुष्यभर तिच्यावर बूड टेकावं म्हणून, असं काही तो लिहून ठेवून गेला नव्हता. दुधरामभाऊने मात्र वारसा तसाच समजून घेतला होता.

घरचं शेत बघायची त्याची बायको, रुख्माबाई. नांगरणीला माणूस सांगणं, रोवणीला बाया जमवणं, खत टाकणं, रानडुकरं हाकलणं, सगळं तीच. त्या वर्षी तिने उन्हाळी धान लावलं होतं. तिची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला. त्यामुळे पाणी सगळ्यांचं झालं की मग तिला.

अशात टाळेबंदी लागली. गाड्या थांबल्या, दुकानं बंद झाली, अख्ख्या देशाला घरी बसा म्हणून सांगण्यात आलं. सगळा देश खाली बसला आणि आमचा दुधराम उठला.

कुठूनतरी त्याने शाळेच्या कवायतीची शिटी मिळवली. तोंडाला दुपट्टा, हातात बांबूची काठी, गळ्यात शिटी. कमिटी नेमली, तिचा अध्यक्ष तो, सदस्यही तोच. दोन माणसं ओट्यावर बोलताना दिसली की शिटी. म्हातारा उन्हाला बसला की शिटी. ज्या बाकड्यावर याने अर्धं आयुष्य काढलं, ते त्याने स्वतः उलटं करून ठेवलं. आणि हुकूम सोडायचा तो हिंदीतून. गोंदियाच्या बाजारात साहेब लोक हिंदी बोलतात हे त्याने पाहून ठेवलं होतं. मराठीत कोणी घाबरत नाही अशी त्याची पक्की समजूत.

पहाटे जमुनाबाई टोपली घेऊन निघाली. हिने गावातली निम्मी पोरं न्हाऊमाखू घातलेली.

"किधर जा रहे हो?" शिटी वाजवून दुधराम म्हणाला.

"का गा दुधराम, तुले आंधरं आलं का? मोहफुलं वेचाले जाऊन राहिली."

"कोरोना है, मावशी. बाहेर जाना मना है."

"मोहाच्या झाडावर हाय का कोरोना? लहानपनी तुझी नाकं पुसता पुसता माझा पदर खराब झाला, तवा तं काई नाही झालं मले."

ती निघून गेली. याने तिच्या पाठीमागे आणखी एकदा शिटी वाजवली, म्हणजे तिला आपल्या परवानगीनेच जाऊ दिलं असं दिसावं.

गावाच्या तोंडाशी त्याने मांडलेल्या नाक्यावर फक्त एका गोष्टीला अडकाठी नव्हती. रोज एक मोटारसायकल यायची आणि काठीच्या टोकाला पन्नीत बांधलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा देऊन जायची. भाजीवाला परत, गॅसची गाडी परत, लग्नाचं बोलणं करायला आलेले पाहुणे पाणीसुद्धा न पिता परत. खर्रा मात्र अत्यावश्यक सेवेत बसत होता.

पण काठी धरून उभं राहायचं म्हणजे उभं राहायचं. चार दिवसांत पाय बोलायला लागले. तेव्हा त्याला कल्पना सुचली, रस्ताच खणून टाकावा. मग उभं राहायचं कामच नाही. शेजारच्या गावच्या गजेंद्रचा जेसीबी रिकामाच होता. तो आला, आणि दुधरामभाऊने पणज्याच्या थाटात हात करून "इथून तिथवर" असं दाखवलं. या बाजूच्या शेताच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या बाजूच्या धुऱ्यापर्यंत आडवा खंदक. कमरेएवढा खोल.

"पाट हाय ना गा तिथं," गजेंद्र म्हणाला.

पाट म्हणजे तलावाचं पाणी शेतात नेणारी नाली. ती रस्त्याच्या कडेकडेने जाते. त्या दिवशी ती कोरडी होती.

"कोरड्या पाटाचं का घेऊन बसला? खोद. तलाव बांधनाऱ्याच्या पंतूले पानी शिकवतो का?"

गजेंद्रने खोदलं, पाटासकट. मग तो आपल्या गावी गेला. त्या गावाने त्याच जेसीबीने आपलाही रस्ता खणला, जेसीबी आत ठेवून.

इकडे रुख्माबाईचं धान पोटरीला आलं होतं. लोंबी पोटात असते तेव्हा धानाला पाणी लागतं म्हणजे लागतंच. नाही मिळालं तर नुसता पोचट कोंडा, जनावरही तोंड लावत नाही. वरच्या सगळ्यांची पाळी होऊन गेली होती आणि तलावात आता एकाच पाण्यापुरतं उरलं होतं. ते तिचं. गावचं पाणी वाटणाऱ्या गोपीचंद पाणकराने पहाटे तुडूम उघडला, तलावातून पाणी सोडायचं तोंड ते. रुख्माबाई फावडं घेऊन बांधीवर जाऊन उभी राहिली. उजाडलं, ऊन चढायला लागलं, पाटात बेडूक भिजेल एवढंही पाणी येईना.

ती पाटाच्या कडेने वर चालत निघाली ती खंदकाशी येऊन थांबली. पाणी आलं होतं. पाटाने येऊन ते खंदकात वळत होतं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या डबक्यात जात होतं. डबक्यात म्हशी मजेत होत्या.

दुधरामभाऊ जवळच पळसाखाली बसला होता. आता उभं राहायचं कारण नव्हतं.

"अवो," रुख्माबाई म्हणाली, "तुमच्या पंज्यानं तलाव बांधला म्हनता ना?"

"हाव."

"पानी कोनीकडे जाते ते सांगून नाही का गेला तुमाले?"

तो उठला, पाहिलं, आणि तोंडातला खर्रा थुंकला. जरा विचार करून म्हणाला, "आता मानसं बोलावतो."

गावात जाऊन त्याने एकेका दारासमोर हाका मारल्या. दारं उघडी होती, माणसं ओसरीवर होती. मुन्नालालने तर पाय जवळ घेऊन नीट मांडी घातली.

"चल ना गा मुन्नालाल. दोन घमेले माती टाकाची हाय."

"कसा येऊ भाऊ? चार मानसं जमाले मना हाय."

"अरे, मी सांगून राहिलो ना."

"तूच तं सांगतलं होतं." मुन्नालालने हात जोडले. "आनि हिंदीत सांगतलं होतं. म्हनजे सरकारीच असल."

सगळीकडे हेच. कोणाला खोकला आला होता, कोणी घरातून दुरूनच हात हलवला. गाव एवढं नियमाने वागलेलं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

शेवटी फावडं दुधरामभाऊच्या हातात आलं. संपूर्ण खंदक बुजवायचं तर नावच काढू नका. त्याच्या जिवावर आलं होतं, शिवाय खंदकावर जीवही होता. पाटाकडचं खंदकाचं तोंड तेवढं मातीने बांधू, असं त्याने ठरवलं. चार घमेली ओतली की कमरेवर हात, दोन ओतली की दुपट्ट्याने वारा. रुख्माबाई पलीकडे बोलत होती, ते सगळं इथे लिहिता येणार नाही.

बांध झाला. पाणी चढलं, पाटाने पुढे वळलं, रुख्माबाई धावत बांधीकडे गेली. आणि याची माती ती याच्यासारखीच निघाली. बांधाच्या मधोमध भगदाड पडलं, पाणी पुन्हा खंदकात. माती टाकावी तर वाहून जाते. दगड नाहीत. दुधरामभाऊने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि ज्या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही ते काम केलं. तो भगदाडात बसला.

पाणी थांबलं. पाठीवर आपटून, खांद्याला वळसा घालून पाटाने निघालं.

"जमलं," खाली बांधीवरून रुख्माबाईची हाक आली. "येऊन राहिलं पानी. आता हालू नोका."

तो अंगावरचा मुंगळा झटकायला थोडा उचलला गेला. लगेच पाणी पायाखालून निसटलं आणि बांधीवरून शिटी वाजली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की माती टाकताना गळ्यातून काढून धुऱ्यावर ठेवलेली शिटी आता धुऱ्यावर नाही.

जमुनाबाई मोहफुलांची टोपली डोक्यावर घेऊन परत येत होती. खंदकाच्या काठावर, ठरवून दिलेल्या अंतरावर, ती थांबली.

"का गा दुधराम, का करून राहिला?"

"बसून राहिलो, मावशी."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "मले वाटलं, काई काम करून राहिला."

तिला काही उत्तर द्यावं म्हणून तो जरासा वळला, तर खाली शिटी वाजली.