यशस्वी ठरलेली जोलीन

जोलीन वॉन्ड्राक चौथीत माझी विद्यार्थिनी होती, तेव्हाही चाकाच्या खुर्चीतच होती. स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार. बोटं आणि जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि जीभ जरा जास्तच. आता ती त्रेचाळीसची आहे. गेली अठरा वर्षं आमच्या गावच्या धान्यकोठीवर वजनकाट्याची खोली तिच्याकडे होती. मक्याचा ट्रक आला की आधी भरलेला तोलायचा, मका ओतून परतला की रिकामा तोलायचा, आणि दोन वजनांतला फरक पावतीवर लिहायचा. एरवी कशावरूनही भांडणारे आमचे शेतकरी जोलीनची पावती न वाचताच खिशात घालायचे.

सकाळी सातला ती काट्यावर हजर असायची, कारण पाचला लू यायची. उठवणं, अंघोळ, कपडे, मग झोळीच्या यंत्राने उचलून खुर्चीत बसवणं, असं दोन तासांचं काम. लूचा पगार सरकारी आरोग्य योजनेतून व्हायचा. कोठीने काढलेला विमा डॉक्टरांचं बिल देतो, पण माणसाला अंथरुणातून उठवणं त्याच्या यादीत नाही. अपंग माणूस ठराविक मर्यादेपर्यंत कमवत असला तरी दरमहा हप्ता भरून त्याला सरकारी योजनेत राहता येतं, अशी आमच्या राज्यात सोय आहे. त्या सोयीशिवाय जोलीनची नोकरी एक आठवडाही चालली नसती.

ऑक्टोबरात, ऐन हंगामात, योजनेचा वार्षिक फॉर्म आला. मागच्या चार आठवड्यांत दर आठवड्याला किती तास काम केलं? एरवी जोलीन पंचवीस तास काम करते. मक्याच्या दिवसांत कोठी थांबतच नाही, तेव्हा साठ. तिने साठ लिहिलं.

“पंचवीस लिही ना, बाई माझे,” लू म्हणाली. “वर्षाचा हिशेब तोच पडतो.”

“त्यांनी वर्षाचं विचारलेलं नाही.”

“मग बाजूला लिही, हंगाम आहे म्हणून.”

“बाजूला लिहिलेला फॉर्म मशीन घेत नाही. गेल्या वर्षी परत आला होता, विसरलीस?”

संगणकाने साठ तास बारा महिने धरले. कमाई मर्यादेबाहेर गेली, महिनाअखेर योजना बंद, असं पत्र आलं.

लू नऊ दिवस बिनपगारी आली. दहाव्या दिवशी तिने गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात, म्हाताऱ्या-अपंगांना कायमचं ठेवतात तिथे, पहाटेची पाळी धरली.

“माझ्या घरी दोन तोंडं आहेत, महाराणी.”

“जा गं. मी काय तुला खुर्चीला बांधून ठेवलंय?” जोलीन म्हणाली. लू गाडीत बसून बराच वेळ निघाली नाही. मी समोरच राहते, मला दिसत होतं.

मग मी जाऊ लागले. मी बहात्तर वर्षांची, उजवा खांदा दुखरा. लू दोन तासांत करायची ते मला चार तास लागायचं. जोलीन कधी नऊला पोचायची, कधी दहाला. एकदा झोळीचा पट्टा मी उलटा लावला आणि ती अर्ध्यावर लोंबकळत राहिली. “बाई,” ती वरून म्हणाली, “भागाकारात तुम्ही मला एवढं लटकवलं नव्हतं.” आम्ही दोघी हसलो. त्या दिवशी ती साडेअकराला पोचली.

कोठीचा व्यवस्थापक ड्वेन हाही माझाच विद्यार्थी. मनाने वाईट नाही. “ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली होती, जोलीन,” तो म्हणाला. “तुझ्या जागी मेव्हणीला बसवलंय. मार्चमध्ये बघू.”

अपिलासाठी फोन केला की पाऊण तास संगीत ऐकावं लागायचं. एकदाची एक कारकून बाई भेटली. ती गोड आवाजात म्हणाली, “तुम्ही शुश्रूषागृहात राहायला गेलात तर दुसऱ्या गटात बसाल. तिथला सगळा खर्च मिळेल.”

“आणि तिथून मी कामावर जायचं?”

“तिथून कामावर जायची गरजच काय, मॅडम?”

जोलीनने फोन ठेवायची खूण केली. “तिथे पहाटे मला कोण उठवेल माहितीये, बाई? लू. तेच हात, तीच मी. फक्त उठून जायचं कुठेच नाही.”

नोव्हेंबर संपता संपता तिला विद्यापीठातून फोन आला. कारा लिंडग्रेन नावाची तरुण संशोधक होती. या योजनेमुळे अपंग लोक किती काम करू लागले, ते मोजायचं काम राज्याने त्यांना दिलं होतं. सकाळचे अकरा वाजले होते. जोलीन अजून पलंगावरच होती आणि मी तिचे केस विंचरत होते. फोन उशीवर ठेवला होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

“सर्वात आधी, अभिनंदन!” कारा म्हणाली. “कमाई वाढून योजनेबाहेर पडलेल्यांच्या यादीत तुमचं नाव आहे. आमचा यशस्वी गट तो.”

“मी अंथरुणात आहे.”

“अरे वा, आज सुट्टी?”

माझ्या हातातली फणी थांबली. जोलीनने मग तिला एकेक करून सगळं सांगितलं: साठ तास, लू, मेव्हणी. पलीकडून टंकण्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“म्हणजे तुमची नोकरी गेली, आणि आमच्याकडे तुम्ही... अहो, पण तुमच्या नावापुढचा ‘यशस्वी’चा संकेत बदलायचा अधिकार मला नाही. बाहेर पडलेल्यांचं पुढे काय झालं, हे मोजणं आमच्या आराखड्यातच नाही.”

“भरलेला ट्रक एकदाच तोलून मी पावती फाडली असती ना, तर इथल्या शेतकऱ्यांनी मला काट्यासकट नदीत टाकलं असतं. दुसऱ्यांदा तोला! मी आता कुठे आहे ते लिहा.”

“शेऱ्यात लिहिते. नक्की लिहिते. पण तक्त्यात येणार नाही.” ती खरंच ओशाळली होती. “एकच प्रश्न राहिला, तो मला विचारावाच लागतो. एक ते पाचमध्ये, योजनेबद्दल समाधान किती?”

“शून्य आहे?”

“नाही.”

“मग एक लिहा. तोही लूचा.”

डिसेंबरात फोनवरच सुनावणी झाली. अधिकाऱ्याने वर्षभराच्या पगाराच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि बारा मिनिटांत चूक मान्य केली. जानेवारीपासून योजना चालू, लू परत. पहिल्याच सकाळी लूचं ऐकू आलं, “या बाईंनी तुझे केस विंचरलेत की गवत कापलंय?” मी घरी जाऊन गाढ झोपले.

आठवड्यानंतर पुढचं पत्र आलं. ही सोय काम करणाऱ्या अपंगांसाठी आहे, तेव्हा जानेवारीत कोणाकडे काम केलं ते सोबतच्या फॉर्मवर मालकाच्या सहीने कळवावं. काम नसेल तर योजना बंद.

जोलीन माझ्या स्वयंपाकघरात आली. “बाई, तुम्हांला कामाला माणूस हवंय?”

“अगं, लगेच लिहून देते.”

“लिहून देऊ नका. काम द्या. नुसतं सहीपुरतं असेल तर मी येणार नाही.”

काम होतं. मला मोतीबिंदू झालाय, पत्रं आणि औषधांच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. मंगळवारी एक तास ती येऊन वाचू लागली. पहिल्याच दिवशी माझी दोन औषधं मुदत संपलेली निघाली आणि मालकाला बोलणी बसली.

फॉर्ममधला शेवटचा प्रश्न तिने मला वाचून दाखवला. हे काम कायम आहे का? हो की नाही?

“हो लिहून मोकळ्या व्हा,” जोलीनला न्यायला आलेली लू मला म्हणाली. टपाल चारला निघणार होतं.

“आणि मार्चमध्ये मी काट्यावर गेले तर? खोटं ठरेल,” जोलीन म्हणाली.

“मग नाही लिहायचं?” मी विचारलं.

“तर दोन महिन्यांनी पुन्हा हेच पत्र येईल.”

मी ड्वेनला फोन लावला. वर्गात लावायचे तो आवाज लावला. “ड्वेन, मार्चमध्ये जोलीनला घेणार आहेस का? हो की नाही?”

“बाई, ते मला वर विचारावं लागेल.”

“मग विचार.”

“विचारलं होतं,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

लूने बोट ठेवलेल्या ‘हो’च्या चौकटीत मी खूण केली आणि खाली सही केली. जोलीन त्या खुणेकडे बघत राहिली. पाकिटात घालायला मी फॉर्म तिच्या पुढ्यात सरकवला, पण तिने हात लावला नाही. लूनेच तो घडी करून पाकिटात घातला आणि गाडीची किल्ली उचलली.