राजदूतवर मागे बसणाऱ्या भागीरथाबाई

त्र्याहत्तर साली नवरात्र संपता संपता सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीला बोलायला एक विषय मिळाला. भागीरथाबाईंनी गोल पातळ सोडून पुन्हा नऊवारी लुगडे नेसायला सुरुवात केली होती. खेड्यातून नागपुरात आलेल्या बायका लुगडे सोडून पातळाकडे वळत. उलट्या दिशेने गेलेली बाई आम्ही पाहिली नव्हती. शिवाय त्या कासोटा घालून नवऱ्याच्या राजदूत मोटारसायकलवर पुरुषासारख्या दोन्हीकडे पाय टाकून बसू लागल्या.

"काहून वं भागीरथा, घोड्यावर चालली काय?" प्रेमलताबाईंनी नळावर सर्वांसमोर विचारले.

"हो. तुले यायचं असन तं समोर बस. मी हाकलतो तुले."

बायका हसल्या. भागीरथाबाई कळशी भरून निघून गेल्या.

खरे कारण त्यांनी मला पुढे सांगितले. शालिकरामजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते एका विणकर सोसायटीत सुपरवायझर होते. सुताचे गठ्ठे गाडीवर बांधून उमरेड, भिवापूरकडच्या विणकरांच्या घरी पोचवायचे आणि विणलेले कापड घेऊन परतायचे, हे त्यांचे काम. मोटारसायकल चालवणारा माणूस हवा, ही त्या नोकरीची अटच होती. होळीनंतर ते निवृत्त होणार होते. त्याआधी सोसायटीला डोळ्यांचे कळले असते, तर निवृत्ती तोंडाशी आलेली असताना इतक्या वर्षांची नोकरी गेली असती. डॉक्टरांनी पाहून सांगितले होते, मोतीबिंदू अजून कच्चा आहे, पिकू द्या, पुढच्या हिवाळ्यात काढू. त्या काळी तसेच असे. आंब्यासारखी त्याची वाट पाहावी लागे.

म्हणून भागीरथाबाई मागे बसून त्यांना रस्ता सांगत. पातळ नेसून एका बाजूला बसलेल्या बाईला रस्त्याकडेची बाभूळ तेवढी दिसते. नवऱ्याच्या खांद्यावरून समोर पाहायचे तर दोन्हीकडे पाय टाकून बसायला हवे, आणि त्यासाठी लुगडे हवे. इतके साधे होते ते. सोसायटीत सांगितले, गठ्ठे फार होतात, धरायला कोणी तरी लागते.

दोघांचा ठराव असा होता: काही आले तरच बोलायचे. "डाव्या हातानं बैल येऊन राहिले." "टरक हाय, खाली घ्या." त्या बोलल्या नाहीत, तर रस्ता मोकळा.

मुलगी भंडाऱ्याला दिली होती, घरात दोघेच. एक दिवसाआड हा प्रवास चाले. पहाटे उठून भाकरी बांधायच्या, दिवसभर गाडीवर डोळे ताणून बसायचे, संध्याकाळी येऊन पुन्हा चूल. दिवाळीपर्यंत त्यांच्या डोळ्यांखाली काळे उतरले. शालिकरामजींचे डोळे मात्र वरून पूर्वीसारखेच दिसत.

दिवाळी झाली की थंडीच्या आधी गाडी खोलायची, हा शालिकरामजींचा वर्षानुवर्षांचा नेम. गार पडले की सकाळी राजदूत लवकर सुरू होत नसे. किक मारून मारून पोटरी भरून येई. त्या वर्षी अंगणात पोते पसरून ते बसले, पण पाने आणि स्क्रू ड्रायव्हर भागीरथाबाईंच्या हातात होते. मी भिंतीपलीकडे माझ्या अंगणात मिरच्या वाळत घालत होते.

"प्लग काढला? आता पॉलिश पेपरनं घास. काळं जाऊ दे सारं."

"गेलं."

"फटीत पोस्टकार्ड घालून पाह्य. ढिलं नाही बसलं पायजे."

"ढिलं नाही बसलं. मीबी नाही बसली सकाळपासून."

"बसूनच तं हायस."

"टोंगळे टेकून बसली हाय, खुर्चीवर नाही."

सायलेन्सरमधली नळी काढून त्यांनी शेगडीच्या निखाऱ्यात घातली. आत साचलेला तेलाचा कोळसा जळू लागला आणि त्याचा वास गल्लीभर झाला. साखळीला तेल झाले, क्लचच्या वायरीत थेंब थेंब सोडून झाले. पेट्रोलात ऑइल मिसळून टाकी भरेपर्यंत दिवस गेला. मग त्या माझ्या फाटकाशी आल्या, हात कोपरापर्यंत काळे.

"बाई, जुने पेपर हाय काय? उद्यापासून ह्यायच्या छातीवर, सुटराखाली घालीन. वारा लय लागून राहिला."

मी गठ्ठाच दिला. स्वतःसाठी घेता का, असेही विचारले.

"मले काय, मी ह्यायच्या पाठीमागं असतो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याच किकला सुरू झाली. उमरेडचे काम आटोपून ते परत निघाले तेव्हा उन्हे कलली होती. दिवस लहान झाले होते, आणि अंधार पडायच्या वेळीच शालिकरामजींना सर्वांत कमी दिसे. समोरून दिवा आला की सगळे पांढरे होई. त्यामुळे त्या वेळी भागीरथाबाईंनी अधिक बोलायला हवे होते. पण इंजिन साफ झाले होते, त्याचा आवाज एकसारखा, गोल येत होता. समोर नवऱ्याची पाठ वारा अडवत होती, स्वेटराखाली कागद कुरकुरत होते. त्यांनी गाल पाठीला टेकवला.

जाग आली ती चाकांचा आवाज बदलला म्हणून. गाडी एका पुलावरून जात होती. मागून कोणी तरी ओरडत होते. त्यांनी वळून पाहिले. कापसाने भरलेली बैलगाडी रस्त्याच्या मधोमध आडवी झाली होती, आणि गाडीवान एका हाताने बिथरलेले बैल आवरत होता.

"आत्ता बैलगाडी गेली ते दिसली होती काय तुमाले?"

"कोणती?"

"थांबवा."

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"मले झोप लागली होती," भागीरथाबाई म्हणाल्या.

"कुठून?"

"चांपा गेलं ते मले माहीत हाय. पाचगाव मले माहीत नाही."

चांपाच्या पुढच्या पाचगावात त्या दिवशी बाजार होता, आणि त्या गर्दीतून ते एकटेच गाडी काढून आले होते. शालिकरामजींनी इंजिन बंद केले. मग म्हणाले, "म्हंजे आज मीच चालवली म्हण. रोज तं तूच चालवतेस."

भागीरथाबाई हसल्या नाहीत. त्यांनी किल्ली काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"होळीले किती दिवस रायले, माहीत हाय तुले?" शालिकरामजींनी विचारले.

"बाजारात लेकरं असतात," त्या म्हणाल्या. "मी थकली आता. होळीपर्यंत माह्यानं जागणं होत नाही."

तेवढ्यात ती बैलगाडी मागून येऊन पोचली. गाडीवान उतरलाही नाही.

"काहून गा, दिसत नाही काय तुले? माह्या बैलाच्या शिंगाले घासून गेला तू."

"नाही दिसत," शालिकरामजी म्हणाले.

हे ते घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होते. गाडीवानाने त्यांच्याकडे पाहिले, मग भागीरथाबाईंकडे. शिवी द्यायला उघडलेले तोंड त्याने मिटले.

"मंग लोटत आणा. माह्या मागं मागं या," तो म्हणाला. "बैलायले दिसते."

दोघांनी मिळून नागपूरच्या वेशीवरच्या दिघोरीपर्यंत राजदूत कापसाच्या गाडीमागे लोटत आणली. तिथून गाडीवान कापूस घेऊन आपल्या वाटेने गेला.

दोन दिवसांनी शालिकरामजी बसने सोसायटीत गेले आणि सेक्रेटरींना डोळ्यांचे सांगून आले. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता, पण सूत पोचायलाच हवे होते. त्या जागी एक तरुण नेमला गेला. त्याला गाडी नव्हती, म्हणून शालिकरामजींची राजदूत त्यालाच विकली गेली. त्या वर्षीची होळी इतर वर्षांसारखीच आली नि गेली.

नोकरी सुटली त्याच आठवड्यात भागीरथाबाई पेपर परत द्यायला माझ्याकडे आल्या. कागदांना छातीचा बाक आला होता. मी रोजनिशीत त्या तारखेला एवढेच लिहिले आहे की थंडी वाढली, ऊन बरे वाटले. त्या व्हरांड्यात खांबाला टेकल्या, "जराशी टेकतो" म्हणाल्या, आणि बोलता बोलता झोपी गेल्या. लुगड्याचा कासोटा तसाच होता. तो त्यांनी पुढे शेवटपर्यंत सोडला नाही. पातळात आता पाय अडकतात, म्हणायच्या.

दुपार होत आली तेव्हा शालिकरामजी भिंत चाचपत फाटकापाशी आले.

"बाई, आमची इकडं आली काय?"

"झोपल्या आहेत. उठवू का?"

ते पायरी शोधून बसले. थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले.

"असू द्या," ते म्हणाले. "बोलत नाही ना, म्हंजे रस्ता मोकळा हाय."

मी आत जाऊन तिघांसाठी चहा टाकला. भागीरथाबाईंचा चहा झाकूनच ठेवावा लागला.