मला आणि मले

चंद्रपूरला अभिनयाच्या पदवीला ती माझ्या वर्गात होती. चामोर्शीची, झाडीपट्टीच्या नाटकांत काम करून आलेली. बोलायच्या आधी ओढणी कमरेला करकचून बांधायची. सर तिला रोज सगळ्यांसमोर टोकायचे, "मले नाही, मला!" ती निमूट घोकायची.

परीक्षेच्या नाटकात त्याच सरांनी तिला मोलकरीण केलं. वर म्हणाले, "आता तुझ्या भाषेत बोल, लोक हसतील." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मार्कांच्या भीतीने मी माझेच संवाद पाठ करू लागले.

प्रयोगात तिने मोलकरणीचं प्रत्येक वाक्य लख्ख प्रमाण मराठीत म्हटलं. कुणीच हसलं नाही. सर विंगेत तिच्यावर ओरडले.

ओढणी सोडत ती म्हणाली, "मले राणी करा सर, मंग माह्या भाषेत बोलीन."