वांग्यातली गोजराबाई

गोजराबाईला फोटोचा भारी सोस. दुसऱ्या लॉकडाऊनमधल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उत्तमरावांनी कारंजा लाडच्या नगरपालिका हद्दीतलं आपलं दोन एकर वावर इसारचिठ्ठी करून तिच्या नवऱ्याच्या, जगदेवच्या ताब्यात दिलं. खरेदीखत संक्रांतीला करू म्हणाले. इकडे वावर अखाजीलाच हाती घेतात, कागद सवडीनं होतात. त्याच खरिपात मोबाईलवरची पीकपाहणी आली, उभ्या पिकाचा फोटो काढून सरकारदरबारी नोंद करायची. सातबारा अजून उत्तमरावांचा, म्हणून नोंद त्यांच्याच फोनवरून. फोटो नुसत्या पिकाचा हवा होता, तर ही बाई नवी साडी नेसून वांग्यात उभी! जगदेवने कपाळाला हात लावला.

ठरल्याप्रमाणे संक्रांतीला खरेदीखत झालं. तिसऱ्या दिवाळीला जगदेवने ते वावर चांगल्या भावात विकून सगळा पैसा किन्हीराजा गावातल्या सहा एकरांत घातला. विहिरीला पाणी, गोजराबाई खूश. मग आयकराची नोटीस आली. विकलेलं वावर शहराच्या हद्दीतलं, म्हणून नफ्यावर कर. खरेदीखतापासून विक्रीपर्यंत दोन वर्षं भरत नाहीत, म्हणून नफा अल्पमुदतीचा. दोन वर्षं कसलेलं नाही, म्हणून त्या पैशातून नवी शेती घेतल्याची करसवलतही नाही. कर भरायचा तर किन्हीराजाचं वावरच विकावं लागणार होतं. गोजराबाईला अन्न गोड लागेना.

पहिलं अपील हरलं. इसारचिठ्ठी नोंदवलेली नव्हती, ती कोण मानणार? मग नागपूरच्या न्यायाधिकरणात वकील सुचिताताईंनी पीकपाहणीची नोंद काढून लावली. नाव उत्तमरावांचं आहे, असं समोरच्या बाजूनं बरोबरच दाखवलं. पण फोटोवर तारीख होती, जागेची खूण होती आणि मधोमध साडीवाली होती. या बाई कोण, असं न्यायपीठाने विचारलं. सुचिताताईंच्या आधी मागच्या बाकावरून उत्तर आलं.

"मीच हाओ साहेब. अन् ते वांगे बी माह्येच हायेत."

महिन्याभराने निकाल लागला. खरेदीखत नंतरचं असलं तरी ताबा आणि कसणूक आधीपासूनची होती, दोन वर्षं भरत होती, सवलत मिळाली. त्या दिवशी गोजराबाई पोटभर जेवली आणि थोडी रडलीसुद्धा.

यंदा किन्हीराजाला तुरीची पीकपाहणी करायची होती. जगदेव फोन घेऊन निघाला, बांधावर थांबला आणि बायकोला म्हणाला, "नवी साडी नेसून ये."

ती आली, तुरीत उभी राहिली आणि त्यालाही हाताला धरून ओढलं. "तुमी बी या. उद्या कोर्टानं इचारलं, धनी कुठी होता, तं काय सांगू मी?"

जगदेवने हात लांब करून फोटो काढला. त्यात तूर थोडी आली, ते दोघंच जास्त आले.